३५० मॉड, २५ तास आणि रिफ्टनपाशी क्रॅश: स्कायरिमची सेव्ह वाचवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमवर ३५० च्या आसपास मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) आहेत, पहिले २५ तास गेम छान चालला, आणि आता रिफ्टन या शहराकडे गेलं की तो बंद होऊन थेट डेस्कटॉप दिसतो. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. मॉड जास्त झालेत का, त्यातले कोणते काढावेत, आणि रॅम ३२ जीबी केली तर फरक पडेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

यातला मधला प्रश्न आधी घेतो, कारण तुम्ही कदाचित हे वाचता वाचताच मॉड काढायला बसला असाल. थांबा. चालू सेव्हमधून एकही मॉड अजून काढू नका. आधी एवढं आठवा: त्या २५ तासांत तुम्ही मधे काही नवीन मॉड टाकला, काढला किंवा अपडेट केला का? आणि रिफ्टनला तुम्ही आधी जाऊन आला होतात, की आता पहिल्यांदाच जाताय? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. तुमची खरी अडचण मॉडच्या संख्येची नाही. हा क्रॅश त्या जागेत आहे, सेव्हमध्ये आहे की मेमरीत, हे अजून ठरलेलं नाही, आणि तिन्हींवरचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत.

संख्येचं आधी उरकतो. गेमला मर्यादा आहे ती प्लगइन्सची (गेमच्या नोंदी बदलणाऱ्या, मॉडमधल्या फाइलींची), मॉडची नाही. पूर्ण वजनाची प्लगइन्स २५४ पर्यंत चालतात, हलकी म्हणजे ईएसएल खूण असलेली त्यांच्याशिवाय ४०९६ पर्यंत. दगडाचं नुसतं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) बदलणाऱ्या मॉडला प्लगइनच नसतं, तो या हिशोबात धरलाच जात नाही. म्हणून हजारावर मॉडची यादी आठवडेच्या आठवडे न कुरकुरता चालते आणि कुणाचे चाळीस मॉड पहिल्याच गुहेत झोपतात. ३५० हा आकडा ऐकून मला तुमच्या गेमबद्दल काहीच कळत नाही.

कळतं ते मॉड कुठे हात घालतो यावरून. काही मॉड फक्त फाइली बदलतात: टेक्स्चर, मेश (वस्तूचा आकार), आवाज. दोन मॉडनी एकच फाइल दिली तर एक जिंकते, दुसरी दिसत नाही, विषय संपला. मॉड लावण्या-सांभाळण्यासाठी मॉड ऑर्गनायझर २ हे साधन वापरत असाल तर डाव्या बाजूचा क्रम हे ठरवतो. यात गेम बिघडण्याइतकं सहसा काही नसतं, फाइल मुळातच खराब असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या प्रकारचे मॉड गेमच्या नोंदी बदलतात, म्हणजे रेकॉर्ड. प्रत्येक माणूस, तलवार, खोली, हवामान ही गेममध्ये एकेक नोंद आहे. दोन प्लगइन्सनी एकाच नोंदीला हात लावला तर त्याच साधनात उजव्या बाजूच्या प्लगइन्सच्या यादीत जे खाली आहे त्याची अख्खी नोंद लागू होते, दोघांची बेरीज होत नाही. नवा शासन निर्णय जुन्याला अधिक्रमित करतो तसंच हे: जुन्यातलं एखादं चांगलं कलम नव्यात लिहायचं राहून गेलं, तर ते गेलं. समजा एका मॉडने व्हाइटरन शहराच्या एखाद्या दुकानदाराचा चेहरा बदलला आणि खाली असलेल्या दुसऱ्याने त्याच दुकानदाराचं वेळापत्रक बदलताना मूळ चेहऱ्याचीच नोंद पुढे नेली. आता चेहऱ्याची फाइल पहिल्याची, नोंद दुसऱ्याची. दोन्ही जुळत नाहीत आणि दुकानदार काळ्याठिक्कर तोंडाने तुमच्याशी गप्पा मारतो. हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. गेम त्याने बंद पडत नाही, पण यादीतली भांडणं कुणी सोडवलेली नाहीत याची ती पावती असते.

इथे लूट या, प्लगइन्सचा क्रम लावणाऱ्या साधनाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. 'लूटने सॉर्ट केलंय, म्हणजे कॉन्फ्लिक्ट नाहीत' असं लोक ठामपणे सांगतात. लूट फक्त क्रम लावून देतं. कोणी जिंकायचं ते ठरलं, पण हरलेल्याचं जे हवं होतं ते परत आणायला पॅच (दोघांना जुळवणारं छोटं प्लगइन) लागतो, आणि तो कुणी बनवलेला नसेल तर एसएसईएडिट या, नोंदी बघण्या-बदलण्याच्या साधनात स्वतः बनवावा लागतो. ऐकायला भीती वाटते, प्रत्यक्षात काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही: सगळ्यात उजवा रकाना जिंकलेला असतो, त्यात काय हरवलंय ते बघायचं आणि नव्या प्लगइनमध्ये ओढून आणायचं.

तिसरा प्रकार स्क्रिप्टचा. तुमच्या अडचणीचं मूळ इथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. स्कायरिमच्या स्क्रिप्ट पॅपिरस नावाच्या भाषेत चालतात आणि त्यांची चालू अवस्था सेव्हमध्ये लिहिली जाते. भूक-तहान मोजणारा मॉड, सोबती, नवी क्वेस्ट, लढाईची पद्धत बदलणारे काही मॉड, हे सगळे सेव्हमध्ये मुळं धरतात. तुम्ही मॉड काढता तेव्हा फोल्डरमधल्या फाइली जातात, सेव्हमधल्या नोंदी राहतात. मग गेम हवेतल्या वस्तूला आदेश देत बसतो. कधी याने काहीही होत नाही, कधी दहा तासांनी एखादी क्वेस्ट पुढे सरकेनाशी होते, आणि कधी एखादी जागा लोड होतानाच गेम पडतो. नक्की काय होईल ते त्या मॉडच्या लेखकाने स्क्रिप्ट कशी लिहिली त्यावर आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

रीसेव्हर नावाचं साधन अशा अनाथ नोंदी शोधून पुसतं. मी ते वापरतो, पण सेव्ह तपासायला. त्याने आकडा शून्यावर आणला म्हणजे सेव्ह निरोगी झाली असं नाही. काढलेल्या मॉडने वाटेत बदललेली क्वेस्टची अवस्था किंवा हलवलेला माणूस ते परत जागेवर ठेवत नाही.

याच घरातली आणखी एक चूक सर्रास होते. प्लगइन्सची मर्यादा जवळ आली की लोक चालू खेळात एखाद्या प्लगइनला ईएसएल खूण लावतात. त्याने त्या प्लगइनमधल्या प्रत्येक वस्तूचा ओळख-क्रमांक बदलतो. यादीत मॉड तसाच दिसतो, पण सेव्हच्या दृष्टीने जुना गेला आणि नवा आला. तुमच्या पेटीतली त्या मॉडची तलवार नाहीशी झाली असेल तर कारण बहुधा हेच. खूण लावायची तर नवा खेळ सुरू करण्याआधी.

आता तुमच्या क्रॅशकडे. जागा की सेव्ह, हे ठरवायला फार वेळ लागत नाही. कुठलीही सेव्ह लोड न करता मेन मेन्यूवरच कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'सीओसी रिव्हरवुड' ही कमांड द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत: coc riverwood). गेम तुम्हाला एका कोऱ्या पात्रासकट रिव्हरवुडमध्ये टाकेल. मग 'टीजीएम' देऊन अमर व्हा, 'टीएमएम १' देऊन नकाशावरची सगळी ठिकाणं उघडा, आणि रिफ्टनला फास्ट ट्रॅव्हल करा. शहराबाहेर फिरा, वेशीतून आत जा, बाजारात दोन मिनिटं उभे राहा, परत बाहेर या. हे पात्र फक्त चाचणीचं. यावर पुढे खेळ चालवायचा नाही, कारण गेमची सुरुवातीची क्वेस्ट नीट सुरूच झालेली नसते.

कोऱ्या पात्रालाही तिथेच क्रॅश आला तर दोष जागेत आहे, तुमच्या सेव्हला सुतक नाही. ही चांगली बातमी. रिफ्टन हे मॉडवाल्यांचं लाडकं शहर आहे: कुणी घाट बदलतो, कुणी झाडं, कुणी बाहेर नवी घरं उभी करतो. तुमच्याकडे ओपन सिटीजसारखा, शहरांच्या वेशी कायमच्या उघडणारा मॉड असेल तर पहिला संशय तिथेच. मूळ गेममध्ये रिफ्टन हे लोडिंगच्या दाराआडचं वेगळं जग आहे, ओपन सिटीज त्याला बाहेरच्या मोकळ्या जगात आणतो, त्यामुळे रिफ्टनला हात लावणाऱ्या प्रत्येक मॉडला त्याच्यासाठी पॅच हवा. दुसरा संशय नॅव्हमेशवर. माणसांनी आणि प्राण्यांनी कुठून चालायचं याची जी अदृश्य जाळी जमिनीवर असते ती नॅव्हमेश. एखाद्या मॉडने तिचा तुकडा पुसला असेल आणि दुसरा मॉड त्याच तुकड्यावर अवलंबून असेल, तर कुणीतरी तिथून चालायला निघतं आणि गेम पडतो. याची खूण म्हणजे क्रॅश लोड होताक्षणी न येता काही सेकंदांनी येतो आणि दर वेळी वेळ थोडी वेगळी असते. एसएसईएडिटमध्ये पुसलेले नॅव्हमेश शोधता येतात.

कोरं पात्र सुखरूप फिरलं आणि तुमचं मात्र पडतं, तर संशय सेव्हवर. तेव्हा मागे जायचं: शेवटचा बदल करण्यापूर्वीची सेव्ह शोधायची, तेव्हाची मॉड-यादी परत लावायची आणि तीच वाट पुन्हा चालून बघायची. पाच-सहा तासांचा खेळ वाया जातो हे मान्य. आजारी सेव्हवर आणखी तीस तास खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

क्रॅश लॉगर हा मॉड नसेल तर तो आधी टाका. त्यात प्लगइन नाही, त्यामुळे चालू सेव्हमध्ये निर्धास्त टाकता येतो. क्रॅश झाला की तो डॉक्युमेंट्समधल्या स्कायरिमच्या फोल्डरात लॉग लिहून ठेवतो. लॉग वाचताना बहुतेक जण पहिलं ओळखीचं नाव दिसलं की त्या मॉडला फासावर चढवतात. एका लॉगवर निकाल देऊ नका. तीन-चार लॉग शेजारी ठेवा आणि प्रत्येकात परत परत येणारं नाव शोधा: एखादी मेश फाइल, एखादं प्लगइन, एखादा विशिष्ट माणूस. तेच नाव सगळीकडे असेल तर धागा मिळाला. दर वेळी नवंच काही येत असेल, कधी झाड, कधी चिलखत, कधी काहीच नाही, तर मेमरीकडे वळा.

मेमरीच्या बाबतीत इंटरनेटवर २०११ च्या मूळ गेमसाठीचे सल्ले अजून फिरतात. तो गेम ३२ बिटचा होता, मेमरी संपून पडणं तिथे रोजचं होतं. ऑक्टोबर २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिटची आहे, त्या सल्ल्यांतले बरेचसे इथे निरुपयोगी आहेत, काही घातक. विशेषतः दूरचं दिसावं म्हणून गेमच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमधला 'यूग्रिड्स-टू-लोड' (uGridsToLoad) हा आकडा ५ वरून ७ किंवा ९ करा, असं कुणी सांगितलं आणि तुम्ही केलं असेल, तर तुमचा शोध बहुधा इथेच संपला. तो बदल सेव्हलाही चिकटतो. दूरचे डोंगर-झाडं सुंदर दिसायला डिनडीओलॉड हे वेगळं साधन आहे, या आकड्याला हात लावायचं कारण नाही.

रॅम ३२ जीबी करण्याआधी विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी राखीव जागा) बघा. बऱ्याच जणांनी ती बंद तरी केलेली असते किंवा फार छोटी ठेवलेली असते. मोठ्या मॉड-याद्यांसाठी किमान २० जीबी आणि कमाल ४० जीबी अशी ती एसएसडीवर ठेवायची शिफारस असते, आणि १६ जीबीच्या मशीनवर मी ती पाळतोच. याला पैसे लागत नाहीत. रॅम हा त्यानंतरचा विचार.

ग्राफिक्स कार्डचा हिशोब मात्र तुम्हाला करावा लागेल. हल्लीच्या नेहमीच्या कॉम्प्रेशनमध्ये एक ४के टेक्स्चर साधारण १६ एमबी, आणि दुरून बघण्यासाठीच्या त्याच्या लहान प्रती धरल्या तर २१ एमबी खातं. तेच २के मध्ये पाच-सव्वापाच एमबी. शिवाय प्रत्येक पृष्ठभागाला रंगाचं वेगळं आणि खाचखळग्यांचं वेगळं, अशी किमान दोन टेक्स्चर्स असतात. ६ जीबीतलं काही विंडोज घेणार, ईएनबी (प्रकाश-सावल्या खुलवणारी जोड) असेल तर ते आपला वाटा घेणार. लॅपटॉपच्या १०८०पी पडद्यावर टेबलावरच्या वाडग्याचं ४के टेक्स्चर तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. मी अशा मशीनवर डोंगर आणि जमीन सोडली तर सगळं २के, आणि भांडीकुंडी १के ठेवतो. व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) भरली की आधी गेम अडखळायला लागतो, मान वळवली की झटका बसतो. तसा कुठलाच त्रास नसताना थेट क्रॅश येत असेल, तर टेक्स्चर हलकी करण्यात तुमचा रविवार घालवू नका.

आवृत्तीचं पटकन सांगतो, कारण तुमचा गेम सुरू होतोय म्हणजे ती भानगड बहुधा नाही. १.५.९७ असो की १.६.११७०, एसकेएसई (गेमच्या स्क्रिप्टची ताकद वाढवणारी जोड) आणि तिच्यावर चालणारे डीएलएलवाले मॉड त्या आवृत्तीशी जुळायला हवेत. डिसेंबर २०२३ मध्ये गेमला अपडेट आलं तेव्हा असंख्य लोकांचे सेटअप एका रात्रीत बसले ते यामुळेच. स्टीममध्ये 'गेम सुरू करताना अपडेट कर' असा पर्याय ठेवा आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरवरूनच सुरू करा. फ्रेमरेटही ६० ला बांधून ठेवा, किंवा एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड लावा. गेमचं भौतिकशास्त्र फ्रेमरेटला बांधलेलं आहे, त्यामुळे १४४ हर्ट्झच्या पडद्यावर घरात शिरताच ताटल्या उडतात ते भूत नसतं.

आता काढायचं काय. टेक्स्चर, आवाज, ईएनबी, बहुतेक प्लगइन नसलेले मॉड: खुशाल काढा, घाला. नवी क्वेस्ट, सोबती, भूक-थंडीचे मॉड, शहरं बदलणारे, स्क्रिप्टवाले लढाईचे मॉड: या खेळापुरते ते तुमचे. एखादा नकोसा झाला तर त्याच्या एमसीएम (गेममधल्या मॉड-सेटिंगच्या) मेन्यूतून बंद करा, पण फाइल राहू द्या. आणि एखाद्या मॉडनेच रिफ्टन मोडलंय असं सिद्ध झालं, तर शक्यतो तो काढण्यापेक्षा पॅच शोधा. अनेकदा तो असतोच, आपण बघितलेला नसतो.

माझी स्वतःची पद्धत विचाराल तर ती थोडी अरसिक आहे. यादी मी खेळ सुरू करण्याआधी पूर्ण करतो. पाया आधी: एसकेएसई, ॲड्रेस लायब्ररी, इंजिन फिक्सेस, अनऑफिशियल पॅच. मग जग बदलणारे मोठे मॉड, मग माणसं, मग लढाई, दिसण्याचं सगळं शेवटी. ॲनिमेशनचं आउटपुट आणि डिनडीओलॉड सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर एक झाड बदललं तरी दूरचं चित्र खोटं होतं. मग वर सांगितलेल्या कोऱ्या पात्राने नऊही राजधान्या फिरून येतो. त्यानंतर मॉड ऑर्गनायझरमध्ये त्या प्रोफाइलची प्रत करून ठेवतो आणि खेळायला लागतो. मधे एखादा झकास मॉड दिसला तर त्याचं नाव वहीत जातं, पुढच्या पात्रासाठी. मॉडिंगचं व्यसन असं आहे की खेळ राहतो बाजूला आणि माणूस महिनोन्महिने मॉड लावत बसतो. तेही मजेचंच आहे, पण तुम्हाला हा खेळ शेवटपर्यंत न्यायचा असेल तर दोन्ही एकाच सेव्हवर करता येत नाही.

सेव्हची शिस्त: ऑटोसेव्ह मी बंद ठेवतो आणि मेन्यूतून नवी सेव्ह करतो, लढाई चालू नसताना, दारातून आत येऊन काही क्षण गेल्यावर. दारातून जाताना ढिगाने स्क्रिप्ट एकदम जाग्या होतात, नेमकी तीच वेळ ऑटोसेव्ह पकडतं. यावर लोकांचे वाद आहेत आणि इंजिन फिक्सेसमुळे परिस्थिती पुष्कळ सुधारलीय, पण सवय फुकट आहे. डेस्कटॉपवर खेळणाऱ्या आणि ज्यांच्याकडे महावितरणची कृपा अधूनमधून होते अशांनी जुन्या दहाबारा सेव्ह कधीच पुसू नयेत. लिहिता लिहिता वीज गेली तर ती फाइल गेली.

एवढी खटपट नको असेल तर वाबाजॅक या साधनातून मॉडची तयार यादी उतरवा, तिथे पॅचचं काम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. अडचण अशी की डाउनलोड प्रचंड असतं, नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळाचं फुकट खातं असेल तर प्रत्येक फाइलवर हाताने क्लिक करावं लागतं, आणि त्या यादीत तुम्ही स्वतःचा एक मॉड घुसवला की यादीचे कर्ते मदत करत नाहीत. ज्याला फक्त खेळायचंय त्याला मी हेच सुचवतो. तुम्ही ३५० मॉड हाताने लावलेत, म्हणजे तुम्ही त्या जातीचे वाटत नाही.

तर आता क्रम असा: यूग्रिड्सचा आकडा बघा, पेजफाइल बघा, क्रॅश लॉगर टाका, कोऱ्या पात्राने रिफ्टन फिरून या. त्यानंतरही अडलं तर इथे गेमची आवृत्ती, प्लगइन्सची यादी आणि रिफ्टनचे किमान तीन लॉग टाका. शेवटच्या दहा तासांत काय बदललंत तेही लिहा, आठवत नसेल तर मॉड ऑर्गनायझरमध्ये इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे यादी लावून बघा, तिथे सापडेल.